पाचोळ्यातले भुंगेरे

अंगणात पांढरी चादर पसरून शर्वरी जंगलातला पाचोळा चाळत होती. पिवळी, बुळबुळीत बुरशी चढलेल्या पानांतून मोहरीएवढे काळे दाणे खाली पडले.

“कसला गं हा कचरा,” म्हणत आई चादर झटकायला गेली.

“आई, थांब! भुंगेरे आहेत ते. धक्का लागला की मेल्याचं सोंग घेतात. हात लावू नकोस, नुसती बघत राहा.”

दोघी उकिडव्या बसून राहिल्या. शेवटी एका दाण्याला पाय फुटले. आई लहान मुलीसारखी हसली.

परवा पुन्हा पाचोळा आणायला गेलेल्या शर्वरीची जीप घाटात उलटली. आज त्याच अंगणात तिच्यावर पांढरी चादर होती.

“वहिनी, उचलायला हवं आता,” दीर हळूच म्हणाले.

उकिडव्या बसलेल्या आईने नजर हलवली नाही.

“हात लावू नका, भाऊजी. नुसते बघत राहा.”