खाकी बाही

त्या सोमवारीही खामगावच्या प्राणीबागेत शेवंताच्या बाने खाकी कोटाची बाही पिंजऱ्याच्या गजांशी धरली. बिजली नावाच्या बिबट मादीने ती हुंगली, मगच मांसाला तोंड लावलं. “पाव्हणी हाय, इचारल्याबिगर जेवत नाही,” बा बघ्यांना म्हणाला. त्याच रात्री तो झोपेतच गेला. तेव्हापासून बिजलीने खाणं सोडलं; आज डॉक्टरांनीही आशा सोडली. “काऊन वं, उपास हाय का तुले?” म्हणत एका बघ्याने तिच्याकडे फुटाणे फेकले. शेवंताने पिंजऱ्याजवळच्या खुंटीवरचा बाचा कोट अंगात घातला. “पोरी, मांगं सरक!” रखवालदार ओरडला. तिने बाही गजांशी नेली. बिजली झेपावली, गज थरथरले. शेवंता हलली नाही. बिजलीने बाही हुंगली आणि बा यायचा त्या वाटेकडे पाहिलं. समाचाराला आलेल्या कुणापुढेही शेवंता जे बोलली नव्हती, ते बोलली: “त्याची वाट नको पाहू, माय. बा मेला.”