एकटा डोंगा

प्रेमिलेला आडवी निजवताच डोंगा कलला आणि भसाभस पाणी आत आलं. रुपरावाने बायकोला कशीबशी काठावर ओढली. मघाशीही असंच झालं होतं. मूल पोटात आडवं होतं. सुईण रंभाबाईने केव्हाच हात टेकले होते. "कुहीच्या दवाखान्यात ने गा, नाही त दोघंबी जातीन," ती म्हणाली होती. कुही पलीकडच्या काठाला. मधे श्रावणातली फुगलेली नदी आणि नव्या पुलाचे नुसते खांब. खांबांवरून कोणी दवाखान्यात जात नाही.

डोंगा म्हणजे कोरलेलं एक खोड. एकटा माणूस त्यात उकिडवा बसून मासे मारून येतो. निजलेलं माणूस न्यायचं तर दोन डोंगे शेजारी शेजारी बांधावे लागतात. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवराच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पण हट्ट चढला की अक्कल चरायला जाते.

आई गेली तेव्हा रुपराव नागपूरला, इतवारीत पोती उचलत होता. थोरल्या महादेवरावाने त्याची वाट न पाहता अग्नी दिला. तेरवीच्या पंगतीत रुपराव सगळ्यांदेखत भावाला म्हणाला, "तुया डोंग्यात पाय ठेवीन त आईची आण." महादेवराव घाटावर दोन डोंग्यांची जोडी चालवायचा. तेव्हापासून रुपराव त्या घाटाकडे फिरकला नाही, तिथली बातमीही कानावर घेईना.

गेल्या महिन्यात बाजारात मासळी घेणाऱ्या भैय्याजीने आपणहून एक डोंगा देऊ केला. घासाघीसही केली नाही. रुपरावाचा आयुष्यातला पहिला स्वतःचा डोंगा. त्या दिवशी तो नदीभर उगाच वल्हवत हिंडला. वरातीतल्या नवरदेवासारखा तोरा होता त्याचा.

आता प्रेमिला कण्हायचीही थांबली. रुपराव इतका कधीच घाबरला नव्हता. आण, अपमान, काही आठवेना. काठाला टेकलेल्या डोंग्यात उभा राहून तो वळणापलीकडच्या घाटाकडे तोंड करून ओरडत सुटला, "दादा गा, ये. दादा गा."

महादेवराव आला. पण एकाच डोंग्यात.

रुपराव डोंग्यातून पुढे वाकला. "आण मोडतो मी, दादा. तिले तुया जोडीत घे. पण दुसरा डोंगा कुठी हाय?"

महादेवरावाने आपला डोंगा त्याच्या डोंग्याला भिडवला. दोन्हींवर आडवा बांबू टाकून तो दोर आवळू लागला. त्याने वर पाहिलं नाही.

"भैय्याजीच्या हातून तुले देल्ला तोच त," तो म्हणाला. "महिन्याभरापासून माह्याच डोंग्यात पाय ठेवून राहिला तू."