पाचवं मत

टर्र्र्र... स्वयंपाकघरातला लाल टोमॅटो वाजला आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. स्वरूपा दचकली. हातातलं पेन फाइलवर घसरलं.

टोमॅटो म्हणजे अंडी उकडताना लावायचं किल्लीचं घड्याळ. चाळीस मिनिटांची किल्ली द्यायची आणि ते वाजेपर्यंत आईला हाक मारायची नाही, असा मायलेकींचा करार होता. किल्ली द्यायचा मान साडेपाच वर्षांच्या अन्वीचा.

"आई, फेर्टिश?" दाराच्या फटीतून अर्धं तोंड आत आलं.

"झालंच गं. पाच मिनिटं. शेवटचं पान राहिलंय."

"नाइन. रेगेल इस्ट रेगेल." नियम म्हणजे नियम. कमरेवर हात ठेवून, अगदी जर्मन बालवाडीतल्या तिच्या बाईंसारखं, फ्राऊ लेन्त्ससारखं.

बाहेरच्या खोलीत इस्त्री करता करता अन्वीचा बाबा, सत्यजित हसला. "ऐकलंत का, बोर्ड मेंबर? आता अपील नाही."

स्वरूपानं फाइल मिटली. मत तसं ठरलंच होतं. सोशल वर्करना परवाना देणाऱ्या, आणि चुकलं तर तो काढून घेणाऱ्या मंडळावर ती साध्या नागरिकांतून घेतलेली सभासद होती. मागच्या बैठकीत परवाना काढून घ्यावा अशी दोन मतं पडली, घेऊ नये अशी दोन. ही म्हणाली, मला फाइल पुन्हा एकदा वाचू द्या. उद्या दहा वाजता पाचवं मत हिचं. एका बाईची बावीस वर्षांची नोकरी त्यावर अडकलेली.

अन्वी मांडीत चढून बसली. "यात काय आहे?"

"सांगायचं नसतं. मी तशी सही करून दिलीय."

"मग गोष्ट सांग."

स्वरूपानं क्षणभर विचार केला. गोष्टीला कुठे सही आडवी येते!

"एक होती इगेल."

"आपल्या मागच्या अंगणात येते ती? काट्यांचा चेंडू होते ती?"

"तीच. तिच्या पिल्लाला दिवसभर ससाबाई सांभाळायच्या. तिथे खूप पिल्लं असायची. एकदा संध्याकाळ झाली. सगळ्यांच्या आया आल्या, या पिल्लाची आईच येईना. ससाबाईंनी खूप वाट पाहिली. दुसरीकडे ठेवावं, तर सगळी बिळं भरलेली."

बिळं खरंच भरलेली होती. दूरदेशची युद्धं मागे टाकून आलेली मुलं त्या हिवाळ्यात सगळीकडच्या वसतिगृहांत दाटीवाटीनं झोपत होती.

"मग?"

"मग ससाबाई पिल्लाला आपल्या घरी घेऊन गेल्या."

"खायला काय दिलं?"

फाइलमध्ये तेही होतं, पान अकरावर. "गोड धिरडी."

"जाम लावून?"

"असेल. पिल्लू खाऊन झोपून गेलं. पण ससाबाईंनी कुणाला कळवलंच नाही गं. इकडे इगेल-आई धावत आली, तर दाराला कुलूप. रात्रभर ती पिल्लाला शोधत फिरली."

आत आपलं लेकरू असायला हवं आणि बाहेर कुलूप, म्हणजे काय, ते मंडळावरच्या बाकी चौघांना माहीत नव्हतं. स्वरूपाला होतं.

"रडली ती?"

"खूप."

अन्वी थोडा वेळ आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मग ससाबाईंना श्ट्राफे?"

"शिक्षा करायची की नाही, तेच ठरवायचंय. त्यांनी यापुढे कुणाचीच पिल्लं सांभाळायची नाहीत, असं काहीजण म्हणतात."

"आणि तू?"

"बाळा, नियम कशासाठी असतात? आईला कळवायला नको?"

"गेनाऊ. बरोब्बर," अन्वीनं मान डोलावली. नियमांच्या बाबतीत ती पक्की इथली होती.

स्वरूपानं तिच्या डोक्यावर ओठ टेकवले. केसांना सकाळच्या तेलाचा वास होता. चला, उद्याचं ओझं उतरलं.

अन्वीनं टेबलावरचा स्टीलचा डबा ओढला. झाकणावर आजीचं नाव कोरलेलं, सौ. शोभना. जानेवारीत हा डबा बेसनाचे लाडू घेऊन फ्राऊ लेन्त्सच्या घरी गेला होता. भेटी घ्यायची आम्हाला परवानगी नाही, असं म्हणत म्हणत त्यांनी एक लाडू दारातच खाल्ला होता. आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो, असं अन्वीनं त्यांना बजावल्यामुळे तो दालचिनीची बिस्किटं घेऊन परत आला होता. तळाशी शेवटची दोन उरली होती. अन्वीनं एक आईच्या तोंडात घातलं, एक स्वतःच्या.

"फ्राऊ लेन्त्स पण मला घरी घेऊन गेल्या होत्या," ती खाता खाता म्हणाली. "खूप बर्फ पडला होता तेव्हा. तुझी एस-बान ट्रेन अडकली होती."

"हो गं राणी."

"मी नूडल्स खाल्ले. त्यांचं मांजर माझ्या टोपीत झोपलं."

"हो."

"त्यांनी पण फोन नव्हता केला. विसरल्या. तू कुलपाशी उभी राहून माझ्या नावानं ओरडत होतीस. बाबा सांगतो ना."

बाहेर इस्त्री थांबली.

स्वरूपाच्या तोंडातलं बिस्किट तसंच राहिलं. अन्वीनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं, कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं आणि मान वर करून आईकडे पाहिलं.

"आई, मग त्यांना तू लाडू का दिलेस?"