ट्रकवर बसलेला हात

हुसेनमियांची सगळी नोकरी खडकीला लष्करी ट्रक रंगवण्यात गेली. ट्रकवर चमक चालत नसे, म्हणून ते स्प्रे गन लांब धरत. निवृत्तीनंतर त्यांनी वीतभर लांबीच्या मोटारी बनवायला घेतल्या, पण हाताची सवय जाईना. रंग खरखरीत आणि मंद बसे. शेजारच्या रहीमभाईंनी बनवलेली तशीच छोटी मोटार मात्र अशी, की तिच्यात तोंड पाहून घ्यावं. पत्नी नसीमबानू ती पाहून आल्या की म्हणत, "अहो, काय लकाकते! शिका जरा त्यांच्याकडून."

हुसेनमियांना जेवण गोड लागेना. रहीमला विचारायचं? मेलो तरी नाही! अखेर एकदा श्वास रोखून त्यांनी गन अगदी जवळ नेली आणि ओला, दाट थर एका दमात फिरवला. वाळल्यावर लाल मोटार आरशासारखी झळकली. ती गुपचूप टेबलावर ठेवून ते वर्तमानपत्राआड वाट पाहत बसले.

नसीमबानू आल्या. त्यांनी मोटार उचलून उजेडात धरली, पदरानं हळूच टिपली.

"अहो, रहीमभाईंची गाडी आपल्याकडे कशी? देऊन या बरं लवकर, तुमच्या हातून ओरखडा पडायच्या आधी."