दहा मिनिटांचा थकवा

"गाठ कमी झाली, तरी फोन करावा तेव्हा बाबा पडूनच असतात. नुसता आळस!" रागिणीने डॉक्टरांना ऐकवलं. डॉक्टरांनी एक पट्टी पंच्याहत्तरीच्या भास्कररावांच्या मनगटाला बांधली, दुसरी रागिणीच्या. या पट्ट्यांमुळे कॅन्सरच्या रुग्णाचा थकवा आता नातेवाइकांना दहा मिनिटं अनुभवता येत असे.

रागिणीचे खांदे खचले. समोरचा पाण्याचा पेला तिला उचलवेना. नुसतं बसून राहणंही जड जाऊ लागलं.

"बाबा, रोज असं होतं?"

"झोपूनही जात नाही गं."

"मग काल मला घ्यायला स्टँडवर कशाला आलात?"

"तू वर्षानं येत होतीस," भास्करराव म्हणाले.

रागिणीला रडू येत होतं, पण रडण्याइतकंही बळ तिच्या अंगात उरलं नव्हतं.