वर सोडलेल्या सळया

रश्मीताईंनी यंत्र पहिल्या खांबाला लावलं आणि ते वाजायला लागलं. वर सरकवलं, वाजलं. खाली आणलं, तरी वाजतच राहिलं. सळईवर आलं की वाजतं, दोन सळयांच्या मधे गप्प बसतं, असं त्यांनी आधी समजावून सांगितलं होतं. हे काही गप्प बसेना. शेवटी त्यांनी ते ललिताबाईंच्या पोळपाटावर धरून पाहिलं. तिथे मात्र निमूट राहिलं.

"मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काका, या खांबात लोहा किती टाकला तुमी?"

भिलाईच्या कँप-एक वस्तीतलं हे घर ललिताबाईंच्या नवऱ्याने, धोंडबांनी, पस्तीस वर्षांपूर्वी, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधली ड्युटी सांभाळून, कुण्या इंजिनियरला न विचारता बांधलं होतं. आता मुलगी दीक्षा खाली फिजिओथेरपीचा दवाखाना काढणार होती आणि घरच्यांनी नव्या वरच्या मजल्यावर जायचं ठरलं होतं. पण ठेकेदार घर बघून म्हणाला, जुनं आहे, पाडून टाका. त्या दिवशी धोंडबा जेवले नाहीत. म्हणून दीक्षाने दुर्गहून रश्मीताईंना बोलावलं. जुन्या घरांची तब्येत तपासणं हाच त्यांचा धंदा. त्या सांगतील ते मान्य, असं तिने बापाकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

"एकेका खांबात बारा सरिया," धोंडबांची छाती फुगली. "भिलाईत राहून लोह्यात कंजूशी करते का कोणी?"

सहा पुरल्या असत्या, असं सांगून रश्मीताईंनी हातोडी घेतली आणि एकेक खांब ठोकून पाहिला. पाच खांब खणखणीत निघाले. सहावा, स्वयंपाकघराजवळचा, पोकळ बोलला. त्यांनी तिथलं प्लास्टर खरवडलं, तर आत बोट जाईल एवढं भोक. सळया इतक्या खेटून बांधलेल्या की काँक्रीटमधली गिट्टी मधे उतरलीच नव्हती. अति तिथे माती, ती ही अशी.

धोंडबांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं.

"जास्त टाकून मीच बिघडवला," ते हळूच म्हणाले. आता ठेकेदाराचंच खरं होणार, असं दीक्षाला वाटलं.

रश्मीताई गच्चीवर गेल्या. मागोमाग सगळे. सहाही खांबांच्या सळया तिथे कंबरेएवढ्या वर आलेल्या. कधीतरी मजला चढेल म्हणून सोडलेल्या. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी धोंडबा त्यांना लाल रंग देत आणि दरवर्षी गल्ली हसायची. ललिताबाई त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळवत.

रश्मीताईंनी चाकूने एका सळईवरचा रंग खरवडला. मग दुसरीवरचा. मग बाकीच्या खांबांकडेही गेल्या. कुठेच गंज नव्हता.

"उघडी सरिया असली की मी कापालेच लावते," त्या म्हणाल्या. "ही नाही कापत. नवं काँक्रीट धराले रंग तेवढा घासून काढा. काल खड्डा खोदून पाहिला, पायाही पक्का दिसला. पोकळ खांबाला बाहेरून काँक्रीटचा नवा वेढा देऊ. मजला चढते, काका. फक्त आता लोहा मी लिहून देईन तेवढाच."

दीक्षाने बापाचा हात घट्ट धरला. आनंदाने तिला हसू आवरेना. धोंडबांनी डोळे पुसले, मान डोलावली, आणि लगेच नव्या उत्साहाने विचारलं, "बरं मॅडम. पण त्या मजल्याच्या वर सरिया सोडाची ना?"

"कावून बाबा?" दीक्षा म्हणाली. "तिथं अजून कोण बांधून राहिलं?"

ललिताबाई तोवर सळयांची दोरी सोडायलाही लागल्या होत्या. गाठ जुनी होती, सुटता सुटत नव्हती.

"सरिया सोडजा जी," त्या म्हणाल्या. "नाही तं मी कपडे कोठी वाळवू?"