वीराला कंठ फुटला
धाकटीला ऐकू सगळं यायचं, पण वाचा जन्मापासूनच नव्हती. शाळेत, दुकानात, दवाखान्यात तिच्या वतीने दादाच बोलायचा. खुणा करायला तिचे हात हलायच्या आत त्याची जीभ हललेली असे. पाहायला आलेल्या मंडळींना "पोरगी तयार आहे" हेही त्यानेच सांगून टाकलं. वर्षभरात ती अंगावर वळ घेऊन माहेरी परतली आणि एका व्हिडिओ गेममध्ये बुडाली. त्यातला वीर कधीच बोलत नसे. ती नेईल तिकडे पाण्यासारखा वाहत जाई.

पुढे त्या गेमवर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी धर्तीची कार्टून मालिका निघाली. "मुका हीरो कोण बघणार? बोलता करा त्याला," दिग्दर्शक म्हणाला. दादाचं पोट डबिंगवरच चालायचं; वीराला आवाज द्यायचं काम त्यालाच मिळालं.

पहिला भाग दोघांनी शेजारी बसून पाहिला. "भिऊ नकोस, मी आहे ना!" वीर दादाच्या आवाजात गरजला.

"ओळखलास का गं, वेडाबाई?" दादा हरखून म्हणाला. "तुझ्या वीराला कंठ फुटला!"

 तिचे हात मांडीवरून उठले, आणि आज पहिल्यांदाच दादा ते थांबेपर्यंत पाहत राहिला.

"दादा, तेवढ्या एकाच ठिकाणी माझ्या वतीने कुणी बोलत नव्हतं."